गिटारवरची ओवी



नारायणगाव म्हटलं की ढोलकी आठवते. विठाबाईंचं गाव ते. जत्रांच्या हंगामात गावोगावची मंडळी तमाशाची सुपारी द्यायला इथल्या राहुट्यांवर येतात. पण हल्ली जुन्नर-मंचरच्या पोरींच्या खांद्यावर गिटारही दिसते, आणि घरातून प्रश्न येतो, "गात तर नाही, नुसतंच वाजवते. याचं पुढे काय?"

नुसत्या गिटारवर चाल वाजवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर सिनेमाची गाणी वाजवली. साथीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवर असत. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर पोलादी कांडी सरकवून राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीबरोबर तीच गिटार ऐकू येते. विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. बायकांमध्ये डॉ. कमला शंकर यांचं नाव घ्यायलाच हवं. कांडी लागते ती मींडेसाठी. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, म्हणून सूर पायरीपायरीने चढतो, आणि आपलं गाणं तर घसरत जाणारं.

आता वाजवायचं काय? माझं मत विचाराल तर आजीकडून ओवी शिकून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, एवढा तो साठा मोठा. चाल थोड्याच सुरांत फिरते, म्हणून नवख्या हाताला जमते. पण इथेच एक अडचण आहे. जात्यावर चाल तीच राहते आणि शब्द बदलतात. ऐकणारी शब्दांत गुंतलेली असते. गिटारवर शब्द गेले की उरते तीच ती चाल, आणि तिसऱ्या वेळेला ऐकणारी उठून चहा टाकायला जाते.

म्हणून शब्दांनी जे केलं ते हातांनी करावं लागतं. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार, एक पूर्ण सूर खाली उतरवा. आता ती आणि मोकळी चौथी तार एकाच सुराच्या होतात, एक खालची, एक वरची. तोच सा धरा. अंगठ्याने तो वाजता ठेवायचा, तमाशात तुणतुणं ठेवतं तसा. पहिल्यांदा चाल एकटीच वाजवा. दुसऱ्यांदा खाली तुणतुणं घाला. तिसऱ्यांदा चाल वरच्या सप्तकात न्या. आणि दळणारी जिथे श्वास घेते तिथे थांबा. ती रिकामी जागा भरू नका. बहुतेक पोरं नेमकी तिथेच बोटांची करामत दाखवायला जातात.

रेकॉर्डिंगला सुरुवातीला मोबाईल पुरतो. तो गिटारच्या भोकासमोर धरू नका, आवाज घुमतो. बाराव्या पट्टीसमोर वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, मागे दोरीवर दोन गोधड्या. पावसाळ्यात आपल्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरकडे, लाकूड ओल धरतं आणि तारा गंजतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि गिटार पेटीत ठेवा.

हक्कांचं मात्र नीट समजून घ्या. सिनेमाचं गाणं स्वतःच्या हाताने वाजवलं की ते आपलं झालं, असा समज आहे. गाण्यात चालीचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. तुम्ही नव्याने वाजवलंत तर कंपनीचं रेकॉर्डिंग वापरलेलं नसतं, पण चाल दुसऱ्याचीच राहते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ती संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राखलेली असते. परवानगीशिवाय टाकलेला व्हिडिओ उतरवला जाऊ शकतो, किंवा त्याचे पैसे चालीच्या मालकाकडे वळू शकतात. लग्नात, वरातीत वाजवायला कायद्यात सूट आहे. नेटवर चढवायला ती चालत नाही. परंपरेने आलेली ओवीची चाल कुणा एकाची नसते. पण एखाद्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज तिच्या संमतीशिवाय आपल्या वाजवण्यात मिसळू नका, गाणाऱ्या बाईलाही कायद्याने हक्क आहेत.

स्वतः बांधलेल्या चालीचा हक्क नोंदणी न करताही तुमचाच असतो, फक्त पहिली रेकॉर्डिंग तारखेसह जपून ठेवा. कंपनीने करार पुढे केला तर घाईने सही नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला आपला वाटा संगीतकाराला लिहून देऊन टाकता येत नाही, हे ठाऊक असू द्या.

कमाई सुरुवातीला नेटवरून फारशी होत नाही. ती होते शिकवण्यांतून आणि कार्यक्रमांतून. तिथे फडवाल्यांकडून शिकावं. इसार घेतल्याशिवाय तारीख धरायची नाही. किती वेळ वाजवायचं, स्पीकर कुणाचा, जेवण कुठे, हे कागदावर घ्या. आणि मुलगी रात्री वाजवणार असेल तर परतीची गाडी सुपारीतच धरून घ्या. आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्या फिरतो, अकरा वाजता फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत यायचं नाही.