अक्षरांचे भांडवल

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत एके काळी गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. शिकवणाऱ्याला दंड किंवा तुरुंगवास होई. तो स्वतः गुलाम असेल तर पाठीवर फटके बसत. मालकाच्या हिशेबवहीत या माणसांची नोंद गुराढोरांच्या शेजारी, मालमत्ता म्हणून होत असे. वही वाचू लागलेला माणूस त्याच वहीत वस्तू म्हणून फार काळ राहणार नाही, हे मालकवर्ग पुरेपूर ओळखून होता. अक्षरबंदीचे खरे कारण तेच होते.

तरुण वाचकांनो, त्याच समाजासाठी आणि पुष्कळ अंशी त्याच समाजाच्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांची ओळख आज करून घेऊ. त्यांना ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये आणि विद्यापीठे’, संक्षेपाने ‘एचबीसीयू’ म्हणतात. कृष्णवर्णीयांना शिक्षण देणे हा मुख्य हेतू ठेवून १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्थांना अमेरिकेच्या १९६५ च्या उच्चशिक्षण कायद्याने ही ओळख दिली. आज अशा सुमारे शंभर संस्था कार्यरत आहेत.

त्यांतील सर्वांत जुनी संस्था एका मृत्युपत्रातून जन्मली. फिलाडेल्फियाचे रिचर्ड हम्फ्रीज हे चांदीच्या वस्तू घडवणारे कारागीर, ख्रिस्ती धर्मातील क्वेकर पंथाचे. कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी दहा हजार डॉलर मागे ठेवले, आणि त्या रकमेतून १८३७ मध्ये सुरू झालेली शाळा आज चेनी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. पुढे यादवी युद्ध संपले, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली. त्यांना सर्वांत आधी हवी होती ती शाळा. नॅशव्हिलचे फिस्क १८६६ मध्ये, वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि जॉर्जिया राज्यातील मोरहाऊस १८६७ मध्ये, तर स्त्रियांसाठीचे स्पेलमन १८८१ मध्ये सुरू झाले. यातील हॉवर्ड म्हणजे हार्वर्ड नव्हे. नावे जवळची असली तरी दोन्ही विद्यापीठे अगदी निराळी आहेत.

धर्मसंस्थांनी आणि उत्तरेतील दानशूरांनी मदत केली, हे खरे. तथापि देणगी केव्हाही आटू शकते. फिस्कवर ती वेळ पाच वर्षांतच आली. १८७१ मध्ये संस्था कर्जात बुडू लागली, तेव्हा जॉर्ज व्हाइट हे खजिनदार नऊ विद्यार्थ्यांचे गायकपथक घेऊन दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक मुले गुलामगिरीत जन्मलेली होती. प्रवासात त्यांना कित्येक खाणावळींनी आणि वसतिगृहांनी दारे बंद केली. ही मुले आपल्या वाडवडिलांची भक्तिगीते गात राहिली, १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियापुढेही गायली. त्या कमाईतून संस्था वाचली, आणि तिच्यातून उभे राहिलेले ‘जुबिली हॉल’ हे भवन आजही फिस्कच्या आवारात आहे.

अलाबामातील टस्कीगीची कथा व्यापारी घरांतील मुलांनी जरूर वाचावी अशी आहे. १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन तेथे आले, तेव्हा राज्य सरकारने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले होते, तेही केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जागा आणि इमारत यांसाठी काहीच तरतूद नव्हती. इमारतीला विटा हव्यात, म्हणून विद्यार्थ्यांनीच विटा पाडायला घेतल्या. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसा उरला नाही, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवून पंधरा डॉलर आणले. ती भट्टी साधली. पुढे आसपासचे गोरे लोकही त्या विटा विकत नेऊ लागले. ज्यांना ही शाळा नकोशी होती, त्यांनाही तिच्या मालाची गरज भासू लागली. बाजारात पत अशीच निर्माण होते.

मेरी मॅक्लिऑड बेथ्यून या माउलीने तर १९०४ मध्ये फ्लोरिडात अवघ्या दीड डॉलरच्या गंगाजळीवर पाच मुलींची शाळा काढली आणि रताळ्याच्या गोड पदार्थांची विक्री करून ती चालवली. आज ते बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर या मुलांजवळ तारण नव्हते आणि जामीनही नव्हता. तरी या गुंतवणुकीचा परतावा पाहा. बाल्टिमोरचे थरगुड मार्शल यांना आपल्याच राज्याच्या, मेरिलँडच्या, विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीय म्हणून जागा नव्हती. ते हॉवर्डमध्ये शिकले आणि १९३३ मध्ये पदवीधर झाले. अवघ्या काही वर्षांत त्यांनी न्यायालयात लढून मेरिलँडचे तेच दार दुसऱ्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी उघडवले. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवला. १९६७ मध्ये ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका टोनी मॉरिसन आणि चेन्नईच्या मातेच्या कन्या, माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस, याही हॉवर्डच्याच विद्यार्थिनी.

मोरहाऊसशी तर आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा जुळतो. १९३६-३७ च्या हिवाळ्यात बेंजामिन मेझ हे हॉवर्डमधील अध्यापक भारतात आले होते. त्यांनी वर्ध्याजवळ गांधीजींची भेट घेतली आणि अहिंसेविषयी बारकाईने प्रश्न विचारले. १९४० मध्ये ते मोरहाऊसचे अध्यक्ष झाले. चार वर्षांनी तेथे पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव मार्टिन ल्युथर किंग. किंग पुढे मेझ यांना गुरुस्थानी मानत. अहिंसेचा विचार किंग यांच्यापर्यंत अनेक वाटांनी पोहोचला. त्यांतील एक वाट वर्ध्यावरून जात होती.

या खात्याची नावे बाजूही पाहिली पाहिजे. १८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांना अट घातली होती : शेती व यंत्रविद्येच्या सरकारी महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना घ्या, नाही तर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेतील राज्यांनी वेगळ्या संस्था काढल्या. मात्र पैसा देताना हात आखडता घेतला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या राज्यपालांना पत्रे पाठवून कळवले की, मागील तीन दशकांत या संस्थांना गोऱ्यांच्या जुन्या संस्थांच्या तुलनेत बारा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली आहे. ज्या वर्षी प्रयोगशाळा हवी होती त्या वर्षी ती झाली नाही, तर उशिराने मिळालेली रक्कम त्या विद्यार्थ्याच्या काय कामाची? काही संस्था तर तग न धरता बंदही पडल्या.

या संस्थांची दारे आज सर्व वर्णांना खुली आहेत. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. आपल्याकडील मुले अमेरिकेला जाऊ लागली आहेत. शैक्षणिक कर्जाचे अर्ज हाताळताना मी पाहत आलो की, विद्यापीठाचा क्रमांक कितवा आणि पुढे पगार किती, हे दोन प्रश्न पालक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : दारात आलेल्या विद्यार्थ्याला ही संस्था कोठून उचलते आणि कोठवर नेते? शून्यावरून शंभरावर नेणे आणि नव्वदावरून शंभरावर नेणे, या दोन्हींचा शेवटचा आकडा एकच असतो; नफा मात्र एक नसतो.

आणि आपल्या गावातील शाळेसाठी किंवा वसतिगृहासाठी कोणी पावतीपुस्तक घेऊन दुकानात आले, तर रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नये. टस्कीगीच्या चौथ्या भट्टीला पंधरा डॉलर पुरले होते.