पट्टी थांबली म्हणजे संगणक बिघडला असे नव्हे

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे आपल्या संगणक कक्षातल्या यंत्रांवर विंडोज 11 बसवण्याचे काम आम्ही सुट्टीत हाती घेतले आहे. एकेका यंत्रापुढे बसून हे करायचे म्हटले तर सुट्टी पुरायची नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरकडून ते आपोआप करून घेतो. यंत्र नेटवर्कवरून सुरू होते, डिस्क पुसली जाते, विंडोज उतरते आणि मग ठरवून दिलेल्या आज्ञा एकामागून एक चालतात : मराठी टंकलेखनाची सोय, प्रिंटरचा ड्रायव्हर, मुलांच्या प्रात्यक्षिकांना लागणारी सॉफ्टवेअरे. या साखळीला टास्क सिक्वेन्स म्हणतात.

कक्षात डोकावणारे पालक आणि विश्वस्त बहुधा एकच प्रश्न विचारतात : "पट्टी तासभर जागची हललेली नाही, मग बंद करून पुन्हा चालू का करत नाही?" बटण दाबले की साखळी मध्येच तुटते आणि बहुतेक वेळा सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. शिवाय अडण्याचे कारण तसेच राहते, म्हणजे यंत्र पुन्हा त्याच जागी अडणार!

अडण्याचे कारण बहुधा साधे असते. या आज्ञा विंडोजच्या 'सिस्टीम' नावाच्या अंतर्गत खात्यातून चालतात, आणि त्या खात्याच्या खिडक्या पडद्यावर दिसत नाहीत. एखाद्या सॉफ्टवेअरने "अटी मान्य आहेत का?" असे विचारले, तर तो प्रश्न रिकाम्या खोलीत विचारल्यासारखा होतो. उत्तर द्यायला कोणी नाही, आणि विचारणारा तर उत्तराशिवाय हलायला तयार नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून फाइल थेट चालवली तर विंडोज स्वतःच सुरक्षेची सूचना पुढे करते. तीही अशीच अदृश्य राहते. बॅच फाइलमध्ये कोणी 'पॉज' हा शब्द ठेवून दिला असेल तरी तोच प्रकार.

मग पाहायचे कुठे? साखळीची नोंदवही 'एसएमएसटीएस' नावाच्या लॉग फाइलमध्ये असते. (सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर हे जुने नाव गेले, त्याची आद्याक्षरे फाइलच्या नावात मात्र राहिली.) बूट इमेजमध्ये तशी सोय आधी ठेवलेली असेल तर एफ 8 दाबताच काळी खिडकी उघडते आणि ही फाइल वाचता येते. ती खिडकी उघडी असेपर्यंत यंत्र आपोआप रीस्टार्टही होत नाही. शेवटी 'एक्झिक्यूटिंग कमांड लाइन' अशी ओळ आहे, पण 'प्रोसेस कम्प्लीटेड विथ एक्झिट कोड' ही ओळ नाही, असे दिसले तर ती आज्ञा अजून परतलेली नाही. त्याच खिडकीतून टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसर किंवा डिस्क कामात असेल तर धीर धरावा. मोठे सॉफ्टवेअर वेळ घेतेच. दोन्ही शून्यावर निपचित असतील तर ती आज्ञा कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहते आहे, असे समजावे.

यावर उपाय म्हणजे इन्स्टॉलरला मूकपणे काम करायला सांगणे. एमएसआय फाइलसाठी आज्ञेत तिरकी रेघ देऊन 'क्यूएन' लिहितात. इतर इन्स्टॉलरांचे शब्द वेगळे असतात, ते त्यांच्या माहितीपत्रकात पाहावेत. बदललेली आज्ञा आधी एकाच यंत्रावर चालवून पाहणे बरे. परतीचा अंक 0 आला तर काम झाले, 3010 आला तर काम झाले पण रीस्टार्ट हवा. 3010 पाहून घाबरण्याचे कारण नाही.

आज्ञेला कालमर्यादाही घालता येते. ती सोय मुळात बंद असते. चालू केल्यास 15 मिनिटे धरली जातात, आणि 1 ते 999 मिनिटांपर्यंत हवी तेवढी ठेवता येते. आमच्या मते ती घालावीच, पण सढळ हाताने. कमी वेळ दिला तर नीट चाललेले कामही अयशस्वी ठरते.

कक्षात मदतीला येणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. पट्टी थांबलेली दिसली तर बटणाला हात न लावता पडद्यावरचे पायरीचे नाव आणि घड्याळातली वेळ दाराजवळच्या वहीत लिहून ठेवा.