इंजिनातले तेल जाते कोठे?

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी मोटारीचे बॉनेट उघडून, इंजिनात खोचलेली एक लांब पोलादी पट्टी बाहेर ओढून ती फडक्याने पुसणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पट्टी पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि तेल कोठपर्यंत लागले आहे ते पाहायचे. पट्टीवर दोन खुणा असतात. तेलाची पातळी या दोन खुणांच्या मध्ये असली म्हणजे झाले.

दोन वर्षे वापरलेल्या माझ्या गाडीची पट्टी मी एका सकाळी अशीच काढली, तर तिच्या टोकाला तेल लागलेच नव्हते! एक लिटर तेल ओतले. दीड महिन्याने पाहतो तो पुन्हा तीच स्थिती. गाडी उभी राहते त्या फरशीवर तेलाचा एक ठिपका नाही, मागच्या नळीतून धूर नाही. गाडीला तीन वर्षांची हमी होती, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथील सुपरवायझर हसून म्हणाले, “सर, इंजिन थोडंफार तेल खातंच. नॉर्मल आहे.”

आता, ‘थोडेफार’ हा शब्द भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. थोडेफार म्हणजे किती? हमीचे अकरा महिने उरले होते. ती संपल्यावर इंजिन उघडायची वेळ आली असती, तर खर्च माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या घरात गेला असता. तेव्हा या ‘थोडेफार’चा आकडा काढणे भाग होते.

पण सुपरवायझरांचे म्हणणे खोटे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. तेल मुळीच न जाळणारे इंजिन जगात नाही. का ते पाहू.

सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली धावत असतो. धातूवर धातू घासू नये म्हणून सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असावा लागतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, फार तर त्याच्या काही पट जाड असतो. दट्ट्याच्या डोक्यावर पेट्रोल जळत असते तेव्हा या थराचा पृष्ठभाग ज्वाळेच्या समोर उघडा पडतो. त्यातले थोडे तेल वाफ होऊन जळणारच.

आता एक हिशेब करा. वहीपेन्सिल घ्या. समजा, एखादी गाडी दर १००० किलोमीटरला १ लिटर तेल खाते. हे प्रमाण पुष्कळच आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे होत आहेत. म्हणजे एका किलोमीटरला एक मिनिट आणि २००० फेरे. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. सिलिंडर चार असतील तर किलोमीटरमागे ४००० ज्वलने झाली, आणि १००० किलोमीटरला ४० लाख. एक लिटर म्हणजे १० लाख घन मिलिमीटर. तेव्हा एका ज्वलनामागे पाव घन मिलिमीटर तेल जाते. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब सुमारे ५० घन मिलिमीटरचा असतो. त्याचा हा दोनशेवा भाग!

पुढे जाऊ. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर धरली, तर भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे १८,८०० चौरस मिलिमीटर येते. पाव घन मिलिमीटर तेल या क्षेत्रावर सारखे पसरले, तर थराची जाडी मिलिमीटरचा पाऊण लाखावा भाग भरते. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी याच्या तीसपट असते. इतका सूक्ष्म थर दर वेळी जास्तीचा निसटतो, आणि हजार किलोमीटरनंतर तुम्हाला तेलाचा डबा विकत आणावा लागतो. चांगल्या स्थितीतल्या आजच्या इंजिनात याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी तेल जाते. भिंतीवरचा थर इतक्या काटेकोरपणे कोण राखतो?

दट्ट्याभोवती खोबणींत बसवलेल्या तीन कड्यांचे, म्हणजे रिंगांचे, हे काम आहे. वरच्या दोन कड्या मुख्यतः वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी कडी तेलाची. तिच्यात दोन बारीक पोलादी पट्ट्या असतात आणि त्यांना भिंतीकडे रेटणारी एक नागमोडी स्प्रिंग असते. दट्ट्या खाली येताना ही कडी भिंतीवरचे जादा तेल खरवडते. परातीला चिकटलेली कणीक आपण उलथन्याने खरवडतो, तशीच ही क्रिया. खरवडलेले तेल कडीच्या मागे, दट्ट्याला पाडलेल्या भोकांतून आत जाते आणि इंजिनाच्या तळच्या पात्रात पडते. या पात्राला मेकॅनिक मंडळी चेंबर म्हणतात.

येथे अभियंत्यांपुढे एक पेच उभा राहतो. कडी भिंतीवर जितकी जोराने दाबावी तितके तेल चांगले खरवडले जाते, पण घर्षणही तितकेच वाढते आणि पेट्रोल जास्त लागते. इंजिनातल्या यांत्रिक घर्षणाचा मोठा वाटा दट्ट्या आणि त्याच्या कड्या यांचाच असतो. इंधन वाचवण्याची निकड वाढू लागली तेव्हा कारखानदारांनी कड्या बारीक केल्या, त्यांचा ताण कमी केला आणि कमी श्यानतेची, म्हणजे अधिक पातळ, तेले वापरायला सुरुवात केली. बहुतेक इंजिनांत हे साधले, काहींत फसले. कडीचा ताण कमी आणि तेल परतण्याची भोके अपुरी असली, म्हणजे खोबणीत तेल साचते. तेथील उष्णतेने ते करपून त्याचा कोळसा होतो. कोळशाने भोके बुजतात, कडी खोबणीत चिकटते, मग आणखी तेल वर राहते आणि त्याचा आणखी कोळसा होतो.

तेल जाण्याच्या वाटा आणखीही आहेत. झडपांच्या दांड्यांवरची रबरी टोपणे कडक झाली, तर तेथून तेल झिरपते. अशी गाडी घाट उतरताना ओळखावी. अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो तेव्हा हवेच्या नळीत दाब फार कमी होतो आणि तेल आत ओढले जाते. उतार संपल्यावर वेग वाढवला की मागून निळसर धूर निघतो. तो निळा का? तेलाचे सूक्ष्म कण निळ्या प्रकाशाचे विकिरण तांबड्यापेक्षा अधिक करतात म्हणून. विडीच्या पेटत्या टोकाकडचा धूर निळसर दिसतो, त्याचेही कारण हेच. मात्र धूर दिसत नाही म्हणून तेल जळत नाही, असे समजू नका. आजच्या गाड्यांत धूर नळीबाहेर पडण्याआधी उत्प्रेरकातून जातो आणि तेथे तेलाची बरीचशी वाफ जळून जाते. त्याची किंमत उत्प्रेरकालाच मोजावी लागते, कारण वंगणतेलात मिसळलेल्या द्रव्यांतला फॉस्फरस त्याच्या पृष्ठभागावर साचून त्याला निकामी करत जातो.

आणि समोरच्या फलकावरचा तेलाचा लाल दिवा? तो पुष्कळांना तेलाच्या पातळीचा दर्शक वाटतो. बहुतेक गाड्यांत तो दाबाचा असतो. चेंबरमधले तेल इतके खाली गेले, की पंपाला तेलाऐवजी हवा ओढावी लागते, तेव्हा दाब कोसळतो आणि दिवा लागतो. तोवर बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असू शकते. म्हणून ती साधी पट्टीच खरी.

आता मोजणीकडे वळतो. मला वाटले होते, यात काय अवघड? तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचे, गाडी चालवायची, पुन्हा खुणेपर्यंत भरायला किती लागले ते महाविद्यालयातल्या मोजपात्राने मोजायचे. पहिल्या ३०० किलोमीटरांत जेमतेम ५० मिलिलिटर लागले. मी ओशाळलो, सुपरवायझर बरोबर ठरले असे वाटले. नंतर पुण्याहून कोल्हापूरला जाऊन आलो, साधारण ४६० किलोमीटर, आणि पातळी एकदम ४५० मिलिलिटरने खाली!

उलगडा व्हायला दोन दिवस लागले. पहिले ३०० किलोमीटर मी घर ते महाविद्यालय असे चार-चार किलोमीटर गेलो होतो. थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही. काही पेट्रोल भिंतीवरून ओघळून कड्यांच्या फटींतून चेंबरमध्ये उतरते. म्हणजे एकीकडे तेल कमी होत होते आणि दुसरीकडे त्यात पेट्रोल मिसळून पातळी भरून निघत होती! लांबच्या प्रवासात तेल चांगले तापले, पेट्रोल उडून गेले आणि खरी पातळी उघडी पडली. ज्याची गाडी फक्त गावात फिरते, त्याला पट्टी महिनोन्‌महिने फसवू शकते.

दुसरी फसवणूक तापमानाची. तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के प्रसरण पावते. चार लिटर तेल ६० अंशांनी तापले, तर १७० मिलिलिटरची वाढ नुसत्या उष्णतेने होते. तिसरी उताराची. पट्टी चेंबरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि जमिनीला तीन अंशांचा उतार असेल, तर तेवढ्यानेच पातळी ८ मिलिमीटर वरखाली दिसते. आणि माझ्या पट्टीच्या दोन खुणांमध्ये अंतर आहे सगळे २० मिलिमीटर. म्हणून मी फरशीवर खडूने चाकांच्या जागा आखल्या आणि दर वेळी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच मोजमाप घेतले.

तरीही त्रुटी उरतेच. २० मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तर १ मिलिमीटर म्हणजे ५० मिलिलिटर. पट्टीवरची रेषा याहून बारीक वाचता येत नाही. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा वाचन घ्यायचे, म्हणजे सगळी मिळून १०० मिलिलिटरपर्यंत चूक होऊ शकते. मग ३०० किलोमीटरांच्या मोजणीला अर्थ काय? अंतर वाढवले, की चूक तेवढीच राहते पण खप वाढतो, म्हणजे शेकडा चूक घटते. मी २००० किलोमीटर चालवले. एकूण १३०० मिलिलिटर तेल लागले. हजार किलोमीटरला ६५० मिलिलिटर. चूक फार तर आठ टक्के. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा छापली होती: हजार किलोमीटरला अर्धा लिटर. सगळी चूक कंपनीच्या बाजूने धरली, तरी माझा आकडा ६०० च्या खाली जात नव्हता.

वहीची प्रत आणि तेल बदलल्याच्या सर्व पावत्या जोडून मी लेखी तक्रार दिली. पावत्या महत्त्वाच्या. सांगितलेल्या प्रतीचे तेल वेळेवर बदलले नसेल, तर कंपनी दोष तुमच्याकडे ढकलू शकते. तारीखही महत्त्वाची, कारण हमी चालू असताना दिलेली तक्रार आणि ती संपल्यावर दिलेली तक्रार यांना सारखा मान मिळत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर तपासणीवाचून ठरवता येणार नाही असा दोष प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

वर्कशॉपने अर्थात माझ्या वहीवर विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते. मोजणी उभयपक्षी मान्य हवी. त्यांनी नवे तेल मोजून भरले, गाळणी बदलली, तेल भरायच्या झाकणावर व खालच्या बुचावर रंगाची खूण केली आणि १००० किलोमीटर चालवून आणायला सांगितले. हीच रीत परदेशातही आहे. टोयोटाच्या २.४ लिटरच्या एका इंजिनाबद्दल अमेरिकेत अशाच तक्रारी आल्या होत्या. २०११ मध्ये कंपनीने आपल्या वर्कशॉपांना कळवले, की १२०० मैलांच्या चाचणीत एक क्वार्टहून अधिक तेल गेले तर दट्टे व कड्या बदलाव्यात. आपल्या मापात हे हजार किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटरच होते. सुबारूच्या काही गाड्यांबाबत प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि त्या गाड्यांच्या इंजिनाची हमी ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांवरून ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवण्यात आली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण हमी वाढली.

माझ्या गाडीतले तेल हजार किलोमीटरनंतर काढून तोलले, तेव्हा ६२० मिलिलिटर कमी भरले. इंजिन उघडले. सुपरवायझरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि एक दट्ट्या हातात दिला. तेलाच्या कडीमागची भोके काळ्या, टणक कोळशाने बुजली होती. सुई घातली तरी आत जाईना. दट्टे आणि कड्या हमीत बदलून मिळाल्या.

नव्या कड्या भिंतीशी जुळून यायला काही काळ लागतो, तोवर तेल थोडे अधिक जाते. पहिल्या हजार किलोमीटरांत १८० मिलिलिटर गेले, नंतरच्या हजारात ७०. म्हणजे पट्टीवर दीड मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्या फरकात खप किती आणि माझ्या वाचनातली चूक किती, हे त्या पट्टीवरून सांगता येत नाही.