चित्राचा एक्स-रे नेमकं काय दाखवतो? काराव्हाज्जोच्या एका चित्राची गोष्ट

रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये डाव्या बाजूला एक छोटं, अंधारं दालन आहे. तिथे पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. त्या दिव्यात जी तीन चित्रं दिसतात, त्यातलं डाव्या भिंतीवरचं चित्र म्हणजे काराव्हाज्जोचं ‘मत्तयाला बोलावणं’. बरोक काळातलं कदाचित सगळ्यात जास्त चर्चा झालेलं बायबलमधलं दृश्य.

गोष्ट साधी आहे. मत्तय हा जकात गोळा करणारा माणूस. येशू नाक्यावर येतो, त्याला हाक मारतो आणि मत्तय सगळं सोडून त्याच्यामागे जातो. चित्रात टेबलाभोवती पाच जण बसलेत, समोर नाणी आहेत. उजवीकडून आलेल्या येशूने हात पुढे केलाय आणि त्याच्या पुढ्यात, आपल्याकडे पाठ करून, पेत्र उभा आहे. १५९९-१६०० मधलं हे तैलचित्र आहे, आकार साधारण ३२२ बाय ३४० सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी दहा फुटांपेक्षा जास्त.

आता मुद्द्याचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या चित्रांचे एक्स-रे अभ्यासले गेले, तेव्हा कळलं की पेत्र आधी तिथे नव्हताच.

रंगाच्या आरपार कसं दिसतं?

आपल्या छातीच्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसतात, कारण हाडातलं कॅल्शियम मांसापेक्षा जास्त किरणं अडवतं. जुन्या तैलचित्रात हाडाचं काम शिसं करतं. त्या काळचा पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. शिशाचा अणुक्रमांक ८२. गेरूमधल्या लोखंडाचा २६, काजळीतल्या कार्बनचा फक्त ६. साहजिकच जिथे सफेदा आहे तिथे किरणं अडतात आणि फिल्मवर पांढरं उमटतं. काजळीतून ती जवळपास सरळ निघून जातात. हिंगूळही बऱ्यापैकी अडवतो, कारण त्यात पारा असतो.

काराव्हाज्जो तर अंधारातून उजेड काढणारा चित्रकार. चेहरे, हात, बाह्यांच्या घड्या इथे सफेदा, बाकी सगळं काळपट. त्यामुळे त्याच्या चित्रांचे एक्स-रे वाचायला तुलनेने सोपे जातात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. एक्स-रेला रंग कळत नाही आणि थरही कळत नाहीत. वरचा रंग, खालचा रंग, अस्तर, कापडाची वीण, मागच्या लाकडी चौकटीचे खिळे, हे सगळं एकाच फिल्मवर एकमेकांवर पडतं. शिवाय चित्र एवढं मोठं की ३० बाय ४० सेंटीमीटरची फिल्म धरली, तर मी केलेल्या हिशेबाने नव्वदहून जास्त फिल्म एकमेकींना जोडाव्या लागतील. म्हणजे यंत्र आपल्याला उत्तर देत नाही, एक गुंतागुंतीची सावली देतं. ती वाचावी लागते.

पेत्राच्या बाबतीत वाचन असं आहे: येशूची आकृती पेत्राच्या अंगाखालीही रंगवलेली आढळते. पेत्र सुरुवातीपासून ठरलेला असता, तर जे झाकलंच जाणार ते रंगवण्यात चित्रकाराने वेळ कशाला घालवला असता? म्हणून आधी येशू, मग पेत्र. क्रम कळला. कारण मात्र फिल्मवर नसतं. पेत्र हे चर्चचं प्रतीक, म्हणून तो घातला असावा, असं अभ्यासक म्हणतात. पटण्यासारखं आहे, पण तो तर्क आहे.

समोरच्या भिंतीवरच्या ‘मत्तयाचं हौतात्म्य’ या चित्राचा एक्स-रे याहून धक्कादायक निघाला. खाली आधीची एक वेगळीच रचना होती: लहान माणसं आणि मागे वास्तू. ते सगळं बाजूला ठेवून काराव्हाज्जोने त्याच कापडावर मोठ्या आकृत्या रंगवल्या. चर्चसाठीचं हे त्याचं पहिलं मोठं काम, दोन्ही चित्रांचे मिळून ४०० स्कूदी ठरलेले. तो अडला होता, हे त्या फिल्मवर स्पष्ट दिसतं.

मग इन्फ्रारेड का नाही?

इन्फ्रारेड कॅमेरा कोळशाची रेघ छान पकडतो, कारण कार्बन ते किरण शोषतो आणि पांढरं अस्तर परत फेकतं. पण इथे अस्तरच गडद तपकिरी. काळ्या फळ्यावर कोळशाने लिहिल्यासारखं. त्यात काराव्हाज्जोच्या हातचं म्हणून खात्रीने सांगता येईल असं एकही रेखाटन आज उरलेलं नाही.

तो दुसरंच काहीतरी करायचा. ओल्या अस्तरावर ब्रशच्या दांड्यासारख्या टोकाने खुणेच्या रेघा ओढायचा. त्या शोधायला महागडं यंत्र लागत नाही, तिरपा प्रकाश पुरतो. घरी करून बघा: रात्री लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरा. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या पुट्टीतला प्रत्येक उंचवटा उठून दिसेल. तेच तंत्र.

अलीकडे क्ष-किरण प्रतिदीप्ती स्कॅनर वापरतात. तो चित्रावरून ठिपक्या-ठिपक्याने फिरतो. प्रत्येक मूलद्रव्य किरण पडल्यावर स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं, त्यामुळे शिशाचा वेगळा, पाऱ्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा नकाशा मिळतो. साध्या एक्स-रेतला गुंता यात बराच सुटतो. कार्बनसारखी हलकी मूलद्रव्यं मात्र यातही निसटतात.

यंत्र जिथे थांबतं

या चित्रातला खरा वाद वेगळाच आहे. मत्तय कोण? टेबलामागचा दाढीवाला बोट दाखवतोय, पण स्वतःकडे की टोकाला मान खाली घालून बसलेल्या तरुणाकडे? पिढ्यान्‌पिढ्या दाढीवाल्यालाच मत्तय मानलं गेलं. १९८० च्या दशकापासून काही अभ्यासक तरुणाकडे वळले. कुठलाही स्कॅनर हे सांगू शकत नाही, कारण तिथे लपलेलं काही नाही, सगळं वरच आहे. मी दाढीवाल्याच्या बाजूचा. दालनातल्या उरलेल्या दोन्ही चित्रांत मत्तय दाढीवालाच आहे.

मधल्या, वेदीवरच्या चित्रात मत्तय आणि देवदूत आहेत. हे चित्र दुसऱ्या प्रयत्नातलं. पहिलं नाकारलं गेलं, पुढे बर्लिनच्या संग्रहात पोचलं आणि १९४५ मध्ये जळालं. आज त्याचे कृष्णधवल फोटो तेवढे आहेत. नेटवर त्याची रंगीत आवृत्ती दिसली, तर ती अंदाजाने रंगवलेली आहे हे लक्षात ठेवा. कृष्णधवल फोटोत लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरू शकतात, आणि सॉफ्टवेअरला त्या करड्यातून मूळ रंग परत काढता येत नाही. खाली पुसलेला एखादा हात होता का, एखादा माणूस नंतर घातला होता का, हे विचारायला आता कापडच शिल्लक नाही.