स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : निर्णयाआधी आणि निर्णयानंतर

चरबी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि स्थूलतेवरील शस्त्रक्रिया या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. लायपोसक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या प्रकारात त्वचेखालील चरबी शोषून घेतली जाते. ती सौंदर्यशस्त्रक्रिया होय. मधुमेह वा रक्तदाब यांवर तिचा फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या प्रकारास बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. तीत चरबीला हातही लावला जात नाही. जठराचा आकार किंवा अन्नाचा मार्ग बदलला जातो आणि वजन उतरते ते त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी आणि २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून आल्या, तेव्हा या उपचाराचे नाव घरोघरी पोहोचले. तपशील मात्र तितकासा पोहोचला नाही. परिणामी कोणी या शस्त्रक्रियेस आळशी माणसाची पळवाट समजतो, तर कोणी जादूची कांडी. ती या दोहोंपैकी काहीही नाही.

कोणासाठी?

वजनाचे मोजमाप करण्याची रूढ पद्धत म्हणजे बीएमआय. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, एखाद्या शाखेत काम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या महिला अधिकाऱ्यांची कल्पना करू. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ९८ किलो. त्यांचा बीएमआय होतो सुमारे ४०.८. दहा वर्षांपासून मधुमेह, गुडघेदुखी आणि रात्री घोरताना श्वास अडकल्याने मोडणारी झोप अशा तीन तक्रारी त्यांच्यामागे आहेत.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर विकार असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला पोटाभोवतीची चरबी अधिक असते व मधुमेह लवकर जडतो. म्हणून आशियाई रुग्णांसाठी हे आकडे ३७.५ व ३२.५ असे खाली आणण्यात आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी निकष आणखी शिथिल केले. असे असले तरी केवळ आकड्यावर निर्णय होत नाही. थायरॉइडचा किंवा अधिवृक्क ग्रंथीचा विकार हे वजनवाढीचे मूळ असेल, तर प्रथम त्यावर उपचार व्हावे लागतात. मद्याचे व्यसन किंवा उपचाराविना राहिलेला मानसिक आजार असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

आपल्या उदाहरणातील बाईंनी याआधी काही केले नव्हते असे नाही. तीनदा त्यांनी दहा-बारा किलो वजन उतरविले आणि तीनदा ते परत आले. इतरांना यात मनोनिग्रहाचा अभाव दिसतो. शरीरशास्त्र मात्र निराळे सांगते. आहार घटवून वजन कमी केले की जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके घटतात आणि विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराचा ऊर्जाव्ययही कमी होतो. गमावलेले वजन परत मिळविण्यासाठी शरीर जणू कंबर कसून उभे राहते. बीएमआय चाळिशीच्या घरात गेल्यावर हा सामना केवळ निश्चयाच्या बळावर कायमचा जिंकणारे फार थोडे असतात. त्यांना दोष देण्यापूर्वी एवढे लक्षात घेतले जावे.

शस्त्रक्रियेत काय होते?

१९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, व्रणामुळे जठराचा काही भाग काढून टाकलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा वाढत नाही. त्यातूनच १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासचा उगम झाला. आज यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी वेगळी करतात व ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग जागेवरच राहतो, परंतु अन्न त्यातून जात नाही.

दुसरा व आज अधिक प्रचलित प्रकार म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा बाहेरील बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शेष ठेवतात. या पद्धतीचा इतिहास मनोरंजक आहे. ती मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच. अतिशय स्थूल रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया एकदम झेपणार नाही म्हणून तिचा पहिला टप्पा तेवढा आधी उरकण्यात येई. पुढे असे दिसले की, अनेकांचे वजन त्या पहिल्या टप्प्यानेच पुरेसे उतरते आणि दुसऱ्याची गरज भासत नाही.

जठर लहान झाल्याने माणूस कमी खातो, हे खरे. पण तेवढेच नाही. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात तयार होते, तोच स्लीव्हमध्ये निघून जातो. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने तृप्तीची संप्रेरके वाढतात. म्हणूनच पुष्कळ रुग्णांची भूकच मंदावते. मधुमेहावरील परिणाम तर वजन उतरण्याची वाटही पाहत नाही. नॉर्थ कॅरोलिनामधील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवात बायपासनंतर अवघ्या काही दिवसांत रुग्णांची साखर पूर्वपदावर आल्याचे दिसले, आणि वैद्यकविश्वाचे लक्ष या विषयाकडे वळले. अर्थात याला रोगमुक्ती न म्हणता रोगविराम म्हणणे अधिक योग्य. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितका हा विराम मिळण्याचा संभव कमी. शिवाय काहींच्या बाबतीत काही वर्षांनी साखर पुन्हा वाढते.

दोहोंतून निवड कशी करावी? छातीत जळजळ व आम्लपित्ताचा जुना त्रास असल्यास स्लीव्हने तो वाढू शकतो. अशा वेळी बायपास श्रेयस्कर. मधुमेह बळावलेला असल्यासही बायपासचे पारडे बहुधा जड ठरते. उलटपक्षी, बायपासमध्ये लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता अधिक उद्भवते. यांपैकी स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत बसविता येत नाही, ही गोष्ट संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी शांतपणे वाचण्याजोगी आहे.

अपेक्षा आणि जोखीम

आता पुन्हा त्या महिला अधिकाऱ्यांकडे वळू. या शस्त्रक्रियांनी मूळ वजनाच्या साधारणपणे २५ ते ३० टक्के घट होते. म्हणजे ९८ किलोंवरून त्या ७० च्या आसपास येतील. त्यांचा बीएमआय तेव्हाही २९ राहील आणि भारतीय मापदंडानुसार त्या तेव्हाही स्थूलच गणल्या जातील. सडपातळ होण्याच्या आशेने शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास हा आकडा निराश करील. पण गुडघ्यावरील भार हलका होणे, रात्री सलग झोप लागणे, औषधांच्या गोळ्या कमी होणे हे ज्यांना हवे आहे, त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा ठरतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घकालीन पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांहून कमी आढळले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

जोखीम लपविण्याचे कारण नाही. अनुभवी केंद्रात मृत्यूचा धोका पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास, म्हणजे अल्प असतो, शून्य नसतो. शिवणीतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे तीन मुख्य धोके होत. घरी परतल्यावर नाडी सतत १२० च्या वर राहणे, ताप, धाप लागणे किंवा पोटात अथवा डाव्या खांद्यात वेदना होणे यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. गळती झाली असता पहिला इशारा बहुधा नाडीच देते.

सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही वजन उतरविणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात स्थूलतेसाठी उपलब्ध झाली. त्यांमुळे शस्त्रक्रियेची गरज काहींच्या बाबतीत टळेल, हे नक्की. मात्र ती थांबविल्यावर वजन बहुतांशी परत येते. दीर्घकाळ औषध की एकदाच शस्त्रक्रिया, हा प्रश्न आता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून सोडविण्याचा आहे.

पहिले दोन महिने

शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, हृदय व झोपेच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी असा क्रम असतो. त्याआधीच्या दोन आठवड्यांत अत्यल्प उष्मांकांचा आहार घेण्यास सांगितले जाते. ही रुग्णाच्या निश्चयाची परीक्षा आहे, असा अनेकांचा समज असतो. खरे कारण यकृताचे आहे. स्थूल व्यक्तीचे यकृत मेदाने सुजलेले असते व त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दोन आठवड्यांच्या आहाराने ते आक्रसते आणि शल्यचिकित्सकास जठरापर्यंत सुखरूप पोहोचता येते. या काळात चोरून खाणारा स्वतःच्याच शस्त्रक्रियेतील अडचणी वाढवीत असतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहानशा छिद्रांवाटे होते. त्याच संध्याकाळी रुग्णास चालविले जाते आणि दोन-तीन दिवसांत घरी पाठविले जाते. टेबलावरचे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांच्या मात्रा मात्र लगेच बदलाव्या लागतात. जुन्याच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आहाराचा प्रवास एखाद्या तान्ह्या बाळाप्रमाणे होतो. आरंभी पाणी, पातळ ताक, मुगाच्या डाळीचे पाणी; तेही घोट घोट. मग घोटून गाळलेले पदार्थ, पुढे मऊ भात-वरण, पनीर, मऊ उकडलेले अंडे. आणि साधारण सहा आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण, पण चार-पाच चमचे. जेवताना पाणी प्यायचे नाही. अर्धा तास थांबायचे. सततच्या उलट्या दुर्लक्षू नयेत. त्यांतून ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव होऊन मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते.

पुढील वर्षे

खरी कसोटी येथून लागते. रुग्णास दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवी असतात. शिजवलेल्या डाळीच्या एका वाटीतून ती जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. नऊ वाट्या डाळ त्या इवल्याशा जठरात मावणार कशी? म्हणून शाकाहारी रुग्णांना दूध, दही, पनीर यांच्या जोडीला बहुधा प्रथिनांची भुकटी घ्यावी लागते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात व मन घाबरते; बहुतेकांचे ते पुन्हा येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वार्षिक रक्ततपासणी आयुष्यभराची. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. धूम्रपान व मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, जठरात व्रण निर्माण करतात.

आणि मग समारंभ असतात. आग्रह करून वाढणे हे ज्या समाजात आतिथ्याचे लक्षण मानले जाते, तेथे दोन घासांत हात आवरणाऱ्या पाहुण्याची मोठीच पंचाईत होते. बायपास झालेल्याने यजमानांचे मन राखण्यासाठी वाटीभर श्रीखंड संपविले, तर थोड्याच वेळात घाम, छातीत धडधड व पोटात मुरडा यांनी त्यास आडवे व्हावे लागते. साखर आतड्यात एकदम उतरल्याचा हा परिणाम असतो. घरातील मंडळींना हे आधीच समजावून सांगितलेले असले, तर निम्मा त्रास वाचतो. उलट, गोड पेये आणि कुरकुरीत फरसाण थोडे थोडे दिवसभर खात राहिल्यास लहान जठरालाही चकविता येते. दोन वर्षांनंतर वजन परत वाढण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

विमा व खर्च

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रिया पुढील सर्व अटी पूर्ण होत नसल्यास वगळली जाते : ती डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय नियमांस धरून झालेली असावी, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा. बीएमआय ३५ किंवा अधिक असून सौम्य उपाय अपयशी ठरलेले असतील, तर हृदयस्नायूचा स्थूलताजन्य विकार, हृदयधमनीविकार, तीव्र निद्राश्वसनरोध वा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी एक असला तरी चालते. येथे एक मेख आहे. वैद्यकीय दृष्ट्या ३३ बीएमआयचा भारतीय रुग्ण शस्त्रक्रियेस पात्र ठरू शकतो. विम्याच्या दृष्टीने ठरेलच असे नाही. याखेरीज पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो. २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिने करण्यात आली आहे. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी पॉलिसीची मूळ प्रत वाचून लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. वजन, उंची, पूर्वी केलेले आहारोपचार, साखरेचे व झोपेच्या तपासणीचे अहवाल तारखांसह जपून ठेवल्यास दावा सादर करताना धावाधाव होत नाही.

खर्चाचा अंदाज घेताना रुग्णालयाच्या देयकावर थांबू नये. प्रथिने, गोळ्या आणि तपासण्या यांचा मासिक खर्च पुढे कायम चालू राहतो, आणि विम्यातून त्याची भरपाई बहुधा होत नाही. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी आणखी एक व्यावहारिक सूचना. शस्त्रक्रियेचा प्रकार आणि आतड्याची किती लांबी वगळली याची नोंद असलेले शस्त्रक्रियापत्र मूळ रुग्णालयातून मागून घ्यावे व त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. इंदूरला शस्त्रक्रिया झालेल्या अधिकाऱ्याच्या पोटात चार वर्षांनी कोची येथे मध्यरात्री दुखू लागले, तर तेथील डॉक्टर सर्वप्रथम तोच कागद मागतील.