जहाजावरील औपचारिक संध्याकाळ
आलिशान जहाजावर दिवसभर साध्या कपड्यांत वावरता येते; सायंकाळी सहानंतर मात्र संकेत बदलतात. क्युनार्ड कंपनीचे 'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून सेवेत आहे. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क या त्याच्या सात रात्रींच्या प्रवासात साधारणतः दोन 'गाला' संध्याकाळी असतात. तेव्हा मुख्य भोजनकक्षात पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट, तर स्त्रियांनी इव्हिनिंग गाऊन वा तत्सम पोशाख परिधान करावा, अशी अपेक्षा असते. औपचारिक राष्ट्रीय पोशाखही तेथे ग्राह्य मानला जातो. त्यामुळे मराठी दांपत्याने दोन रात्रींसाठी परका पोशाख विकत घेण्याचे कारण नाही. बंदगळा आणि पैठणी शोभून दिसतात.

पहिल्या व अखेरच्या रात्री असा सोहळा सहसा नसतो. पहिल्या दिवशी सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते, तर अखेरच्या रात्री ते बांधून दाराबाहेर ठेवावे लागते. ज्यांना हा थाट नको, त्यांच्यासाठी बुफेचा पर्याय खुला असतो. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' पद्धत आणून औपचारिक पोशाखाची सक्तीच सोडली. म्हणूनच सामान बांधण्यापूर्वी आपल्या जहाजाचे नियम वाचणे श्रेयस्कर. भर समुद्रात शिंपी गाठणे अवघड!