पाणी दिसतं तिथून येत नाही

गाडीत पाणी साचलं की बहुतेक जण आधी सिलिकॉनची ट्यूब विकत आणतात आणि जिथे ओल दिसते तिथे बोटभर काळा थर फासतात. पुढच्या पावसात पाणी पुन्हा येतं, आणि आता तो थर खरवडायचं कामही वाढलेलं असतं. ट्यूब ही या कामातली शेवटची पायरी. त्याआधी शोध घ्यायचा असतो. त्याला वेळ लागतो, पण पैसा जवळजवळ लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात जुन्या गाडीला दोन टोकांचं हवामान सोसावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं रबर कडक होतं, आकसतं, कोपऱ्यांत भेगाळतं. मग पावसाळा येतो. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर पाऊस त्यामानाने बेताचा, पण नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागात तो झोडपून काढतो. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात समोरून वाऱ्यासह पाऊस आला, की उन्हाळ्यात कुठलं रबर कामातून गेलं ते कळतं.

आत आलेलं पाणी पावसाचंच आहे ना, हे आधी ठरवावं. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर डाव्या सीटच्या पायांपाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी येत असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. बारीक लवचिक तारेने ती मोकळी होते. ओल चिकट, गोडसर वासाची असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हीटर गळतोय. ते कूलंट विषारी असतं, त्यामुळे चव घेऊन खात्री करायला जाऊ नये.

पाणी पावसाचंच असेल, तर एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कौलारू घरात कौल एकीकडे फुटलेलं असतं आणि पाणी वाशावरून घसरत भलतीकडे टपकतं, तसंच गाडीत होतं. छताच्या सांध्यातून शिरलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं, मॅटिंगखालून वाहतं आणि फ्लोअरच्या सगळ्यात खोल खड्ड्यात जाऊन बसतं. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असेल तर मागचं पाणी पुढे येतं, चढावर असेल तर पुढचं मागे जातं. म्हणून दोन गोष्टी आठवून पाहाव्यात. पाणी उभ्या गाडीत येतं की फक्त पळताना? गाडी कुठल्या बाजूला कललेली होती? फक्त पळताना येत असेल तर समोरची काच, दारांचं रबर किंवा चाकांनी खालून उडवलेलं पाणी यांवर संशय घ्यावा.

आता मॅटिंग उचला. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या गाडीत सीटचे बोल्ट काढले की हे काम सोपं होतं. मॅटिंगखालचा जाड थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं, आणि खाली पत्रा गंजत चाललेला. सगळं काढून, उन्हात वाळवून, पत्रा कोरडा पुसून घ्या. ओल्या गाडीत नवी गळती सापडत नाही. पत्रा कोरडा झाला की संशयाच्या जागांखाली खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा एक थेंब उतरला तरी पावडरीत रेघ उमटते आणि त्या रेघेचा माग काढत वर जाता येतं.

पाण्याची चाचणी दोघांनी करावी. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर. पाण्याचा जोर कमी ठेवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप पाऊस ज्या फटींत कधी शिरत नाही तिथेही पाणी घुसवतो आणि दिशाभूल करतो. सुरुवात खालून करा: आधी दाराचा तळ, मग काचेची खालची कड, मग बाजू आणि शेवटी छत. वरून ओतलेलं पाणी खालच्या सगळ्या संशयितांवरून वाहत जातं, मग गुन्हेगार कोण ते कळत नाही. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटं थांबा, कारण पाण्याला आतून वाट काढायला वेळ लागतो. मे महिन्यात पाइप सोडण्याइतकं पाणी नसेल तर बागेची झारीही चालते. उलट तीच बरी, धार नेमकी पडते.

आमच्याकडे सर्वाधिक त्रास देणारी जागा वायपरखालच्या जाळीत असते. काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून पत्र्याच्या पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांमागे बाहेर पडतं. ब्लोअरही याच पन्हाळीतून बाहेरची हवा ओढतो. गाडी कडुनिंबाखाली किंवा मोहाखाली उभी राहत असेल, तर उन्हाळाभर पाला आणि फुलं त्यात साचतात आणि पहिल्या पावसात त्यांचा लगदा होऊन छिद्रं बंद होतात. पन्हाळ भरली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट पायांवर येतं. वायपरचे दांडे आणि जाळी काढून लगदा हाताने उपसा, मग तांब्याभर पाणी ओता. ते चाकामागे पडलं की काम झालं. अनेक ‘गळक्या’ गाड्यांचा इलाज एवढ्यावरच संपतो.

दाराबाबत गैरसमज फार आहे. दाराच्या पोटात पाणी शिरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. काचेच्या कडेने आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावं आणि आतल्या पॅनेलमागच्या प्लॅस्टिकने ते केबिनपासून दूर ठेवावं, अशी ती व्यवस्था असते. बिघाड दोन ठिकाणी होतो. छिद्रांत चिखल बसतो, मग दारात पाणी डुचमळतं आणि तळ कुजतो. किंवा स्पीकर, पॉवर विंडो बसवताना कुणीतरी ते प्लॅस्टिक फाडून टाकलेलं असतं. दार उघडझाप करताना पाण्याचा आवाज आला तर पहिलं कारण, आवाज नसताना मॅटिंग भिजत असेल तर बहुधा दुसरं. जाड प्लॅस्टिक कापून ब्यूटाइलच्या चिकट पट्टीने बसवलं की पुरतं. दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. जिथे नोट सहज निसटते तिथे रबर दबलेलं आहे किंवा बिजागरी बसली आहे.

समोरच्या काचेचे दोन प्रकार असतात. जुन्या गाड्यांत ती रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असते, नंतरच्या गाड्यांत पॉलियुरेथेनने चिकटवलेली. बीडिंगच्या काचेत वरून डिंक भरणं हा तात्पुरता उपाय. रबर कडक झालं असेल तर नवंच घ्यावं. जाणता मिस्त्री रबराच्या खाचेत दोरी ओवून काच बाहेरून टेकवतो आणि आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवतो. काच निघाली की चौकटीचा गंज घासून प्रायमर लावायला सांगाच. गंजावर बसवलेली नवी काचही गळते.

उरलेल्या जागा पटकन तपासता येतात: छताच्या कडेच्या पन्हाळीतलं तडकलेलं सीलर, कॅरिअरचे बोल्ट, अँटेनाचं छिद्र, टेललाइटची गॅस्केट, डिकीचं रबर. फ्लोअरची रबरी बुचंही पाहावीत. फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढताना एखादं निसटलं की पाणी खालून वर येतं. ताडपत्रीच्या हूडची जीप असेल तर हा खटाटोप करू नये. ती भिजणारच, तिच्या फ्लोअरची भोकं मोकळी ठेवली म्हणजे झालं.

गळती सापडल्यावर ट्यूब आणायची, पण निवडून. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज चढवतं आणि त्यावर नंतर रंगही धरत नाही. गाडीच्या पत्र्यासाठी पॉलियुरेथेन सीलंट घ्या, जागा साफ आणि पूर्ण कोरडी करूनच लावा. लगेच मॅटिंग टाकू नका. तशीच उघडी गाडी एका चांगल्या पावसात उभी करा आणि सकाळी पावडर पाहा. रेघ दिसली तर शोध पुन्हा सुरू करा, कारण जुन्या गाडीत अनेकदा एकाहून जास्त गळत्या असतात.